हलकी मशीनगन: वजन गेलं कुठे?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं मशीनगनवर का बोलावं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. कारण एक विशेषण आहे. इंग्रजी लष्करी भाषेत ज्याला 'लाइट मशीनगन' म्हणतात आणि आपले फौजी लोक नुसतं 'एलएमजी' म्हणतात, त्यातलं 'लाइट' म्हणजे 'हलकी'. हलकी म्हणजे काय? आणि कुणासाठी हलकी?

आपल्याकडे सतराव्या शतकात अन्नंभट्टानं 'तर्कसंग्रह' लिहिला आणि त्यावर स्वतःच 'दीपिका' नावाची टीकाही लिहिली. न्याय-वैशेषिकांचे चोवीस गुण त्यात सांगितले आहेत. त्यात 'गुरुत्व', म्हणजे जडपणा आहे. 'लघुत्व' मात्र नाही. का नाही? दीपिका म्हणते, हलकेपणा हा वेगळा गुणच नव्हे, तो गुरुत्वाचा अभाव आहे. शास्त्रात हे उत्तर पुरतं. पण कारखान्यात आणि रणांगणावर ते पुरत नाही. तिथे एखादी वस्तू हलकी केली, की काढलेलं वजन नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या कुणाकडे तरी जातं. हलक्या मशीनगनचा इतिहास हा माझ्या मते वजनाच्या वाटपाचा इतिहास आहे. आणि आपल्या देशात, त्यातही मराठी माणसाच्या संदर्भात, त्यात आणखी एक वजन येतं. ते किलोत मोजता येत नाही. ते विश्वासाचं वजन. हत्यार कुणाच्या हातात द्यायचं, आणि ते कधी चालवायचं हे कुणी ठरवायचं?

आता मुळापासून सुरुवात करू.

हायरम मॅक्सिम या मूळच्या अमेरिकन माणसानं १८८४ च्या सुमारास लंडनमध्ये आपली बंदूक तयार केली. कल्पना साधी आणि भयंकर होती. गोळी सुटली की बंदूक मागे धक्का देते, तो तुम्ही खांद्यावर सोसता. मॅक्सिम म्हणाला, हा धक्का वाया का घालवायचा? त्याच धक्क्यानं रिकामं काडतूस बाहेर फेका, नवं आत घ्या, पुन्हा बार करा. चाप दाबून धरला की पट्ट्यातली काडतुसं संपेपर्यंत बंदूक आपली आपण चालत राहते.

पण प्रत्येक बाराबरोबर उष्णता येते. काडतुसातली दारू जळून जी ऊर्जा निघते, तिचा मोठा हिस्सा नळीत मुरतो. मिनिटाला पाचशे गोळ्या झाडल्या तर नळी इतकी तापते, की आत सरकवलेलं काडतूस चाप न दाबताच उडू शकतं. मॅक्सिमनं त्यावर पाण्याचा उपाय काढला. नळीभोवती पत्र्याचं वेष्टण, त्यात पाणी. मॅक्सिमचीच सुधारलेली आवृत्ती म्हणजे १९१२ ची व्हिकर्स. तिच्यात साधारण चार लिटर पाणी मावायचं आणि सलग सहाशेच्या आसपास गोळ्या झाडल्या की ते उकळायला लागायचं. वाफ दिसली तर शत्रूला जागा कळेल, म्हणून एक रबरी नळी लावून ती वाफ डब्यात सोडायची आणि थंड झालेलं पाणी परत वापरायचं.

आता वजन मोजा. व्हिकर्स पाण्याशिवाय पंधरा किलोच्या आसपास. पाणी चार किलो. तिपाई बावीस-तेवीस किलो. अडीचशे काडतुसांचा पट्टा असलेली एक पेटी दहा किलो, आणि एका पेटीनं काय होणार? म्हणजे एका बंदुकीमागे पाच-सहा माणसं हवीत किंवा खेचर हवं. ही बंदूक एका जागी मांडायची आणि तिथून मारा करायचा. बचावाला उत्तम. पण धावत पुढे जाणाऱ्या शिपायांबरोबर ती जाऊ शकत नाही. १९१४ साली अख्ख्या पलटणीमागे अशा दोनच मशीनगन असत. त्या कुठे ठेवायच्या, कधी चालवायच्या, हे अधिकारी ठरवत असे. आणि त्या काळी आपल्या पलटणीत कमिशन घेतलेला अधिकारी म्हणजे गोरा माणूस.

इथे आपली मुंबई येते. १९१४ च्या ऑक्टोबरात सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबई बंदरातून जहाजांवर चढली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. नोव्हेंबरात ती इराकच्या दक्षिण टोकाला, फाओला उतरली. मागून डिव्हिजनचा उरलेला भाग गेला, त्यात १०३ वी आणि ११० वी मराठा पलटण. ही माणसं कुठली? रत्नागिरी, कुलाबा, सातारा. ज्या घरांतला एक भाऊ परळच्या गिरणीत लागायचा, त्याच घरांतला दुसरा भाऊ पलटणीत. लालबागच्या चाळीत येणाऱ्या मनीऑर्डरी आणि बसऱ्याहून गावी जाणाऱ्या मनीऑर्डरी या एकाच शेतीच्या तुटीतून निघालेल्या होत्या.

१९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनला ही फौज अडली, मागे फिरली आणि कुत-अल-अमारात कोंडली गेली. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झाला. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांना सोडवायला आलेल्या फौजेनं तैग्रिस नदीकाठच्या सपाट, आडोसा नसलेल्या मैदानावरून तुर्की खंदकांवर पुन्हा पुन्हा हल्ले केले आणि पुन्हा पुन्हा मार खाल्ला. यातून निघणारा धडा जगभर तोच होता. खंदकातली मशीनगन बसलेली आहे आणि हल्ला करणारा चालतो आहे, तोवर चालणारा मरणार. चालणाऱ्याबरोबर जाणारी मशीनगन हवी.

तशी बंदूक तोवर नव्हतीच असं नाही. डेन्मार्कच्या सैन्यानं मॅडसन नावाची नऊ किलोच्या आसपासची मशीनगन विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला स्वीकारली होती आणि रशियन घोडदळानं ती १९०४-०५ च्या जपानविरुद्धच्या युद्धात वापरलीही होती. पण तिच्याकडे घोडदळाची सोय म्हणून पाहिलं गेलं. नव्या वस्तूकडे लोक जुन्या गरजेच्या चष्म्यातून बघतात, तसं झालं.

मोठ्या संख्येनं वापरली गेली ती लुईस गन. आयझॅक न्यूटन लुईस हा अमेरिकन सैन्यातला कर्नल. सॅम्युअल मॅक्लीन यांच्या आधीच्या आराखड्यावरून त्यानं १९११ च्या सुमारास ही बंदूक घडवली. स्वतःच्या सैन्यानं तिला दाद दिली नाही, म्हणून तो युरोपात गेला. पुढे ब्रिटिश सैन्यासाठी ती बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्यात बनू लागली. वजन बारा-तेरा किलो. पाणी नाही. पाण्याऐवजी नळीभोवती ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यावर नळकांड्यासारखं आवरण, आणि तोंडाशी सुटणाऱ्या वायूच्या झोतानं मागची हवा त्या पट्ट्यांमधून ओढली जावी अशी रचना. लांब पट्ट्याऐवजी वर एक गोल चकती, तिच्यात ४७ काडतुसं.

आपला प्रश्न विचारू. वजन गेलं कुठे? पाण्याचं वजन गेलं, त्याची जागा संयमानं घेतली. लुईस गन सलग चालवली तर तापते आणि तिची नळी लढाईत पटकन बदलता येत नाही. म्हणून चार-पाच गोळ्या, थांबा; पुन्हा चार-पाच, थांबा. जे काम आधी पाणी करत होतं ते आता चापावरच्या बोटाला करायचं होतं. चकती खालून उघडी, धूळ-चिखल आत जाणार, बंदूक अडकणार. ती का अडकली हे ओळखून, झोपलेल्या स्थितीत, गोळ्या चुकवत दुरुस्त करायचं. म्हणजे मॅक्सिमला ओझं वाहणारी माणसं लागत होती, लुईसला यंत्र समजणारा माणूस लागू लागला. लालबाग-परळच्या श्रोत्यांपैकी कुणी गिरणीत जॉबर किंवा फिटर म्हणून काम केलं असेल, तर त्यांना हे चटकन कळेल. यंत्र हलकं झालं की चालवणाऱ्याची अक्कल जास्त लागते.

१९१७ च्या मार्चमध्ये बगदाद घेणाऱ्या फौजेकडे लुईस गन होत्या. आणि कुतमध्ये पलटणी गमावलेल्या मराठ्यांकडे बघण्याची नजर या मोहिमेत बदलली. हे महत्त्वाचं का, ते सांगतो. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला लॉर्ड रॉबर्ट्स हा 'लढाऊ जमाती' या सिद्धान्ताचा मोठा पुरस्कर्ता. त्याच्या मते खरे लढवय्ये उत्तरेत. मुंबई आणि मद्रास इलाख्यातली माणसं मऊ पडलेली. मेसोपोटेमियानं या मताला धक्का दिला. ११७ व्या पलटणीला युद्धानंतर 'रॉयल' किताब मिळाला. १९२२ च्या पुनर्रचनेत या सगळ्या पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, तिचं केंद्र बेळगावला.

आता येतो आपला मुख्य मुद्दा.

युद्धानंतर सगळ्यांना कळलं होतं, की लुईस गनपेक्षा बरं काहीतरी हवं. मागण्या स्पष्ट होत्या. एका माणसाला घेऊन धावता आलं पाहिजे. नळी काही सेकंदांत बदलता आली पाहिजे. धूळ आत जाता कामा नये. भाग कमी हवेत. ब्रिटनमधल्या व्हिकर्स कंपनीनं १९२५ मध्ये बर्तिए नावाच्या फ्रेंच संशोधकाच्या पहिल्या महायुद्धाआधीच्या आराखड्याचे हक्क विकत घेतले आणि क्रेफर्डच्या कारखान्यात त्यावर काम सुरू केलं. म्हणून बंदुकीचं नाव व्हिकर्स-बर्तिए.

ती कशी चालते? मॅक्सिम धक्क्यावर चालायची, ही वायूवर चालते. नळीला पुढच्या बाजूला खाली एक लहान भोक असतं. गोळी त्या भोकाच्या पुढे गेली की मागचा दाबाखालचा वायू भोकातून खाली येतो आणि एका दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या बोल्टला मागे नेतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं. मग स्प्रिंग सगळ्याला पुन्हा पुढे ढकलते, बोल्ट जाताजाता वरच्या मॅगझीनमधलं एक काडतूस आत सारतो, आणि त्याचा मागचा भाग वर उचलला जाऊन चौकटीतल्या खाचेत अडकतो. दार लागलं, कडी घातली, आता बार. आणखी एक गंमत बघा. चाप सोडला की बोल्ट मागेच थांबतो, म्हणजे नळी मागून उघडी राहते. आत काडतूस नाही, हवा खेळते, तापलेल्या नळीत काडतूस आपोआप उडण्याची भीती नाही. लुईसमध्येही ही सोय होती. नळी फारच तापली तर काढायची, दुसरी बसवायची. पाणी गेलं, ॲल्युमिनियम गेलं, त्यांचं वजन एका जादा नळीत गेलं आणि ती नळी शेजारचा माणूस वाहतो.

मॅगझीन तीस काडतुसांचं, वरून बसवायचं, आणि वाकडं, केळ्यासारखं. का वाकडं? कारण आपलं थ्री-नॉट-थ्री काडतूस. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. कडवाली काडतुसं एकावर एक रचली की बुडाकडची बाजू जाड होते आणि चळत आपोआप वळते. ही काडतुसं आपल्या खडकीलाही बनत. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे आणि तिथल्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' ही इंग्रजी अक्षरं ठोकलेली असायची. काडतूस एक, पण त्याची कड बंदुकीचा आकार ठरवते. इतिहासात अशा लहान कडा फार असतात.

तीस काडतुसं म्हणजे किती वेळ? मिनिटाला पाचशेच्या वेगानं चाप दाबून धरला तर चार सेकंदांच्या आत मॅगझीन रिकामं. मग पुढचं मॅगझीन कुठून येणार? तुकडीतल्या प्रत्येक शिपायाच्या कमरेच्या पाकिटातून. एक काडतूस साधारण पंचवीस ग्रॅम, म्हणजे हजार काडतुसांचे पंचवीस किलो. ते आठ-दहा जणांत वाटायचे. एकटा माणूस बंदूक घेऊन पळतो असं दिसतं, प्रत्यक्षात अख्खी तुकडी त्या बंदुकीसाठी चालत असते. आधी रायफलवाले शिपाई हे मुख्य आणि मशीनगन त्यांच्या मदतीला. आता मशीनगन मुख्य झाली आणि रायफलवाले तिच्या मदतीला आले. आणि या तुकडीचा प्रमुख कोण? अधिकारी नव्हे. जमादार-सुभेदारही नव्हे. नाईक. दोन फितींचा नाईक.

ही बंदूक हिंदुस्थानी सैन्यानं १९३३ मध्ये स्वीकारली आणि तिचं उत्पादन बंगालमध्ये, हुगळीकाठच्या इशापूर रायफल फॅक्टरीत सुरू झालं. ब्रिटनचा निर्णय तेव्हा व्हायचा होता. तिथल्या चाचण्यांत व्हिकर्स-बर्तिए होतीच. पण शेवटी चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरात व्हाट्स्लाव्ह होलेक यांनी घडवलेली झेडबी बंदूक सरस ठरली. ब्रनो आणि इंग्लंडमधलं एनफिल्ड, या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून १९३५ मध्ये तिचं नाव ब्रेन झालं. एनफिल्डमधून पहिली ब्रेन बाहेर पडली १९३७ मध्ये. म्हणजे नव्या पिढीची हलकी मशीनगन निवडण्याचा निर्णय हिंदुस्थानच्या सैन्यानं ब्रिटनच्या आधी घेतला.

यात विशेष काय, असं कुणी विचारेल. विशेष समजायला १८५७ कडे जावं लागतं. उठावानंतर इंग्रजांनी दोन नियम कसोशीनं पाळले. तोफखाना गोऱ्यांच्याच हातात. अपवाद डोंगरी तोफांच्या काही तुकड्यांचा. आणि छोट्या हत्यारांत देशी पलटणी गोऱ्या पलटणींच्या एक पिढी मागे. त्यांना नवी बंदूक मिळाली की त्यांची उतरलेली बंदूक आपल्याकडे. हा विसरभोळेपणा नव्हता, ते धोरण होतं. हत्याराबरोबर किती विश्वास द्यायचा, याचं ते माप होतं.

आता तीसच्या दशकातल्या तारखा शेजारी शेजारी मांडा. १९३२ मध्ये डेहराडूनची मिलिटरी अकॅडमी उघडली. त्याच वर्षी हवाई दलाची स्थापना. १९३३ मध्ये नवी हलकी मशीनगन. जानेवारी १९३५ मध्ये बंगळुरूला हिंदुस्थानी जवानांचा पहिला मैदानी तोफखाना. मी असं म्हणत नाही, की इंग्रजांचं हृदयपरिवर्तन झालं. बंदूक निवडणारे अधिकारी गोरेच होते. त्यांच्यासमोर वायव्य सरहद्दीचे डोंगर होते, पैशाची ओढाताण होती, आणि आपल्याच देशात बनवता येईल असं हत्यार हवं होतं. माझं म्हणणं इतकंच आहे, की हत्याराच्या रचनेनं त्यांना एका वाटेवर नेलं. तुकडीच्या गाभ्याशी मशीनगन ठेवायची तर ती कधी बोलायची आणि कधी गप्प राहायची हे पन्नास यार्डांवरच्या नाईकाला ठरवू द्यावंच लागतं. मागे उभा राहून कुणी साहेब ते ठरवू शकत नाही. शेतकऱ्याच्या घरातला, मराठी चौथी शिकलेला तरुण हा निर्णय घेऊ शकतो, हे मान्य केल्याशिवाय ती बंदूक चालतच नाही.

आणि तो निर्णय घेऊ शकत होता का? याचं उत्तर इटलीत आहे.

१० जुलै १९४४. टायबर नदीचं वरचं खोरं. पाचव्या मराठाची तिसरी बटालियन. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, म्हणजे तेव्हाचा कुलाबा आणि आताचा रायगड जिल्हा. वय बावीस. एका तुकडीचे प्रमुख. अगदी जवळून शत्रूच्या मशीनगननं मारा केला आणि घाडगे सोडून तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. क्षणात. तुकडी नसलेला तुकडीप्रमुख. ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून बंदूक आणि ती चालवणारा यांना निकामी केलं, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. हातातली बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्यानं मारलं. मग लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि त्या ठाण्यातच त्यांचा अंत झाला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे, आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्यानं जाताना तिथे थांबून तो बघा.

'मॅगझीन बदलायला वेळ नव्हता' हे शौर्यपदकाच्या अधिकृत निवेदनातलं आहे. शस्त्रांच्या इतिहासात आपण मॅगझीनची क्षमता, मिनिटाला गोळ्या, नळीचं वजन असे तक्ते वाचतो. पण मॅगझीन बदलायच्या त्या तीन-चार सेकंदांत कोण उभं आहे हे तक्त्यात नसतं. समोरच्या तुकडीकडेही मशीनगनच होती. या यंत्रानं एका क्षणात एक तुकडी संपवली, आणि दुसऱ्या क्षणी एका बावीस वर्षांच्या नाईकावर सगळा निर्णय येऊन पडला. मी मघाशी विश्वासाचं वजन म्हणालो, ते हे.

पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ ला, सेनिओ नदीवर पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप नेलं. मग परत येऊन शत्रूची तीन मशीनगन ठाणी एकट्यानं गप्प केली आणि काठावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत बाकीच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते जिवंत परत आले.

आता शेवटचा भाग, आणि तो या आपल्या परिसरातला आहे. विश्वास कुणावर ठेवायचा हा प्रश्न गोरा-काळा एवढ्यावर संपत नव्हता. जुन्या मुंबई लष्करात महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची भरती बंद झाली. तोच 'लढाऊ जमाती'चा सिद्धान्त. दापोलीचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध १८९४ मध्ये अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच ती मोडली. गरज सरो.

सुभेदार रामजींचा मुलगा परळच्या चाळीत राहून शिकला आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधून राहिला. डॉ. आंबेडकरांची जुलै १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली. महार पलटणीची मागणी त्यांनी लावून धरलीच होती. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. आणि १९४६ च्या ऑक्टोबरात तिचं रूपांतर कशात झालं? मशीनगन रेजिमेंटमध्ये. टोपीवरच्या चिन्हात कोरेगावच्या स्तंभाच्या जागी एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. फाळणीच्या वेळी पंजाबच्या सीमेवर ठेवलेल्या फौजेत या पलटणी होत्या. पुढे रेजिमेंट पुन्हा पायदळाची झाली, पण टोपीवर मशीनगन राहिल्या. आजही आहेत.

लक्षात घ्या, त्या हलक्या नव्हेत, तिपाईवरच्या, पाण्याच्या जुन्या व्हिकर्स. तांत्रिकदृष्ट्या तो वेगळा वर्ग. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं ती शेवटची कडी आहे. रक्तात लढाऊपणा नाही म्हणून ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांच्याच हाती सैन्यातलं डोकं, डोळा आणि संयम मागणारं यंत्र सोपवावं लागलं. सिद्धान्त पुस्तकात कुणी खोडला नव्हता. तो कामात खोडला गेला.

वेळ संपत आली आहे. दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

पहिली चिठ्ठी: व्हिकर्स-बर्तिए चांगली की ब्रेन? दोन्ही शेजारी ठेवल्या तर सवय नसलेल्या माणसाला फरक कळणार नाही. तेच वरचं वाकडं मॅगझीन, तोच वायूवरचा दट्ट्या, तीच तिरपी होणारी कडी. ब्रेन वजनानं किलोभर हलकी आणि फार भरवशाची, हे तिच्या नंतरच्या इतिहासानं दाखवलं. व्हिकर्स-बर्तिए रचनेला साधी. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या टप्प्यात आपल्या अनेक पलटणी ती वापरत होत्या, नंतर ब्रेननं तिची जागा घेतली. तिच्यावरून घडवलेली, दुप्पट वेगानं झाडणारी व्हिकर्स-के मात्र विमानांवर आणि वाळवंटातल्या जीपगाड्यांवर गाजली.

दुसरी चिठ्ठी: स्वातंत्र्यानंतर काय झालं? ब्रेन फार वर्षं राहिली. साठच्या दशकात कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत ती ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनू लागली. या काडतुसाला बाहेर आलेली कड नाही, म्हणून मॅगझीन जवळजवळ सरळ झालं. मघाच्या केळ्याची गोष्ट आठवा. पुढे इन्सासची हलकी मशीनगन आली. आणि मार्च २०२० मध्ये इस्रायली बनावटीच्या १६,४७९ नेगेव्ह मशीनगन घेण्याचा ८८० कोटी रुपयांचा करार झाला. म्हणजे १९३३ मध्ये इशापूरला आराखडा परका आणि बनावट इथली होती. २०२० मध्ये दोन्ही परकं. वजन कुणावर टाकायचं हा प्रश्न आता आपल्या अभियंत्यांना आणि आपल्या सरकारला विचारायचा आहे, त्यासाठी कुठल्या लॉर्ड रॉबर्ट्सला दोष देता येणार नाही.

थांबतो. बाहेर चहा ठेवला आहे.